हॅनिगनची बाजू

"हॅनिगनला बक्षीस दिलं तर मी हा टीव्ही फोडेन," क्लेम म्हणाला.

टीव्हीवर सामना सुरू व्हायला अवकाश होता. कोट घातलेली चार माणसं यंदाचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू कोण यावरून एकमेकांना बोलू देत नव्हती.

"फोड," ऑर्विल म्हणाला. "तरी ते त्यालाच मिळायला हवं."

मारिसोलने राजमा-खिम्याच्या चिलीचे वाडगे वाटता वाटता दोघांकडे पाहिलं. अ‍ॅक्रनच्या या वृद्धाश्रमात ती कालपर्यंत खालच्या मजल्यावर कामाला होती. या वरच्या मजल्यावर आज तिचा पहिलाच रविवार. इथे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत होती, तेवढीच नावं तिने पाठ केली होती. अमेरिकी फुटबॉलमधलं तिला काही कळत नव्हतं, पण क्लेमच्या मानेवरची शीर फुगलेली तिला दिसत होती.

मुख्य परिचारिका नोरीनने सकाळीच बजावलं होतं. "दर रविवारी क्लेमकडे एक पाहुणा येतो आणि त्याचं डोकं फिरवून जातो. आज पुन्हा तमाशा झाला तर त्याचं येणं बंद."

तो पाहुणा म्हणजे ऑर्विल. मांडीवर शाल, गुळगुळीत दाढी. दिवाणखान्यातले निम्मे लोक चाकाच्या खुर्चीत होते आणि हाही तसाच, त्यामुळे मारिसोलने त्याला इथलाच समजून त्याच्याही पुढ्यात वाडगा ठेवला होता. त्याने तो मुकाट्याने संपवला होता.

"त्या प्रुएटला बघितलंस पळताना?" क्लेम पुढे वाकला. त्याचे पंजे अजून फावड्यासारखे होते. "चेंडू काखेत घेऊन पोरगा असा सुटायचा की मागे फक्त धूळ. अशा पोराला सोडून त्या खाटकाला बक्षीस?"

"खाटीक कशाला म्हणतोस? बचावात हॅनिगनसारखा नवा पोरगा दुसरा दाखव."

"धडका मारणं म्हणजे बचाव? हेल्मेट खाली घालून रेड्यासारखा घुसतो तो. प्रुएट पडला होता. चेंडू सुटला होता. शिट्टी वाजली होती. तरी हा त्याच्या पाठीत घुसला."

"शिट्टी वाजली नव्हती."

"वाजली होती."

"नव्हती, क्लेम. तो भरधाव होता. एवढं अंगाचं धूड मध्येच थांबत नाही."

"थांबता आलं असतं." क्लेमचा आवाज चिरकला. "त्याला दिसत होतं. पोरगा खाली पडलाय हे त्याला दिसत होतं. तू कुठे होतास रे तेव्हा, शहाण्या?"

"जवळच होतो."

"मग आंधळा होतास. तिकडे तो पोरगा दवाखान्यात पडलाय, कमरेखाली त्याला काही कळत नाही, आणि तू इथे बसून हॅनिगनची वकिली करतोस. लाज नाही वाटत?"

"नाही वाटत," ऑर्विल म्हणाला. "मला मत असतं तर मी त्यालाच दिलं असतं."

क्लेमने वाडगा उचलून भिंतीवर फेकला. चिलीचा लाल ओघळ भिंतीवरून टीव्हीच्या पडद्यावर उतरला. कोपऱ्यातली एक म्हातारी रडायला लागली. क्लेमने ऑर्विलच्या खुर्चीचा हात धरून ती गदागदा हलवली. "चालता हो इथून. तू आणि तुझा तो हॅनिगन, दोघंही."

नोरीन धावत आली. तिने क्लेमला मागून धरलं, गोड बोलत औषध द्यायला त्याच्या खोलीकडे नेलं. जाता जाता मारिसोलकडे तिने असं पाहिलं की पुढे काय करायचं ते सांगावं लागलं नाही.

मारिसोलने ऑर्विलची खुर्ची बाहेरच्या पॅसेजमध्ये आणली आणि दार लावून घेतलं.

"काय मिळतं तुम्हाला यातून?" ती म्हणाली. "आजारी माणूस आहे तो. सकाळी काय खाल्लं ते त्याला दुपारी आठवत नाही. त्याला चिडवायला येता?"

"चिडवायला नाही येत, पोरी."

"मग एकदा त्याच्या मनासारखं बोला की. म्हणा, दिलं बक्षीस प्रुएटला. संपलं. तो शांत होईल."

"नाही होणार," ऑर्विल म्हणाला. "मी हो म्हटलं की तो रडतो. एकदा म्हणून बघितलं. दोन दिवस जेवला नव्हता. त्यापेक्षा चिडलेला बरा."

"पण एका खेळाडूसाठी एवढं? कोण लागतो तो हॅनिगन तुमचा?"

ऑर्विलने शाल नीट केली. "बाकी कशातही मी क्लेमशी हरेन. हवामान, राजकारण, काय म्हणशील ते. हे नाही. कधीतरी एखाद्या रविवारी तो माझं ऐकेल."

मारिसोलला त्याचा आणखीच राग आला. भिंतीवरचा ओघळ तिलाच पुसायचा होता आणि हा माणूस पुढच्या रविवारची गोष्ट करत होता.

"पुढचा रविवार नाही," ती म्हणाली. "आजपासून तुम्हाला वर सोडायचं नाही असं मी खाली कळवतेय. आणि त्या दवाखान्यातल्या पोराचा तरी विचार करा. त्याने तुमचं हे बोलणं ऐकलं तर त्याला काय वाटेल?"

"त्याची काही तक्रार नाही."

"तुम्हाला काय माहीत?" तिने भिंतीवरचा फोन उचलला. "नाव सांगा. पूर्ण."

"ऑर्विल प्रुएट," तो म्हणाला. "आणि हॅनिगनला औषध देऊन झालं की सांग. मला परत आत जायचंय."