समोरच्या शिंप्याची सही

मृत्युपत्राच्या चौथ्या कलमाशी येऊन धाकटा थांबला. मग त्यानं पुन्हा सुरुवात केली. "ऑफिसच्या वरच्या दोन खोल्या मी माझ्या बहिणीस देत आहे. ती तेथे राहते ती कोणाच्या उपकारावर नव्हे. हे ऑफिस माझ्याइतकेच तिनेही उभे केले आहे."

आत्या कॉम्प्युटरपुढच्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती. चाळीस वर्षं बाबांच्या या वकिलीच्या ऑफिसात लोकांची मृत्युपत्रं टाइप करताना तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. आता मात्र तिनं चष्मा काढला आणि ती ढसाढसा रडली.

"जन्मात कधी तोंडभरून चांगलं म्हणाला नाही," ती रडता रडता हसत म्हणाली. "वाच रे, तेवढं पुन्हा वाच."

धाकट्यानं पुन्हा वाचलं. बाबांनी हा एकच कागद हातानं का लिहिला, आत्याकडे टाइपला का दिला नाही, हे आज त्याला कळत होतं.

थोरला कोर्टात उभा राहणारा. कागद शेवटाकडून वाचायची त्याला खोड. त्यानं शेवटचं पान उलटलं, सह्या पाहिल्या आणि पान आत्यापुढे सरकवलं. साक्षीदार दोन होते. एक शेजारचा घड्याळवाला. दुसरी सही आत्याची, ठसठशीत, खाली दोन रेघा ओढलेली.

त्या ऑफिसातल्या निम्म्याअधिक कागदांवर ती सही सापडली असती. पक्षकारानं सही केली की मजकुरावर कोरा कागद ठेवायचा आणि आत्याला बोलवायचं. तिनं हात पुसत यायचं, सही ठोकायची आणि आपल्या कामाला लागायचं. काय लिहिलंय ते साक्षीदारानं वाचायची पद्धत नव्हती.

"साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही," आत्या सावकाश म्हणाली. "येणाऱ्या जाणाऱ्याला मीच सांगत आले. गेलं म्हणायचं चौथं कलम."

"कायदाच तसा आहे, आपण काय करणार?" थोरला म्हणाला. "खोल्या आता आम्हा दोघांच्या." वर ज्युनिअर वकील बसवायचा त्याचा बेत वर्षभर शिजत होता. आत्याला दुसरीकडे जायला जागा नाही, हेही तिघांना ठाऊक होतं.

आत्यानं पान जवळ ओढून आपल्या सहीवरून बोट फिरवलं.

"दुसऱ्याच्या कागदातला स्वल्पविराम सुटला तरी हा माणूस जेवत नसे," ती म्हणाली. "त्याच्या हातून ही चूक होईल? एका हातानं द्यायचं, दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. वर शब्द तेवढे गोड. हुशार वकील!"

मग तिनं धाकट्याकडे पाहिलं. "त्या दिवशी मला त्यानंच बोलावलं होतं ना रे?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. बाबा काही उलटतपासणीला उठून येणार नव्हते.

"नाही आत्या," धाकटा म्हणाला. "डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं त्यांचं. त्यांनी सही केली, मी डोळ्यांत औषध घातलं. पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं होतं. मला म्हणाले, घड्याळवाल्याला बोलाव आणि समोरच्या शिंप्याला बोलाव. घड्याळवाला शेजारीच, तो लगेच आला. शिंप्यासाठी रस्ता ओलांडायला लागणार होता. मला कंटाळा आला. तू दारातच उभी होतीस."

"आठवतंय. तू तोंडावर बोट ठेवलंस. मला वाटलं, त्याचा डोळा लागलाय."

"झाल्या का सह्या, म्हणून त्यांनी विचारलं. झाल्या म्हटलं मी. मग त्यांनी चाचपत घडी घातली आणि पाकीट बंद केलं."

"म्हणजे मला बोलाव असं तो म्हणालाच नव्हता."

"नाही."

"म्हणजे त्यानं दिलं होतं."

"दिलं होतं, आत्या. मी घालवलं."

ती आता आपल्याला फाडून खाईल असं धाकट्याला वाटलं. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. पण आत्यानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि चौथं कलम स्वतःशीच, ओठ हलवत, पुन्हा एकदा वाचलं.

"ऊठ, मला बसू दे," धाकटा म्हणाला.

दोन बोटांनी अक्षरं शोधत तो टाइप करू लागला. वरच्या खोल्यांतला आपला अर्धा हिस्सा तो आत्याच्या नावे करून देत होता. आत्या मागे उभी राहून चुका काढत होती. या गतीनं टाइप करशील तर मी वर जायच्या आधी कागद होतोय का बघ, असंही तिनं ऐकवलं.

"माझ्या अर्ध्याचं मी विचार करून सांगतो," म्हणत थोरला कोट उचलून कोर्टात गेला.

कागद छापून आला. धाकट्यानं सही केली. आत्यानं सवयीनं कोरा कागद घेतला, मजकूर झाकला, पेनचं टोपण काढलं आणि साक्षीदाराच्या जागेवर वाकली.

धाकट्यानं तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. "तू नाही, आत्या. तू बस."

तो बाहेर आला. समोर शिंपी मशीनवर मान घालून बसला होता. एक स्कूटर जाऊ दिली आणि धाकटा पलीकडे गेला. रस्ता ओलांडायला त्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.