बँकेची रविवारची मीटिंग

"तुमच्या या एका फोन नंबरवर आमच्याकडं सोळा विद्यार्थी आहेत," टाय लावलेला पोरगा म्हणाला, आणि लालासाहेबांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

पोरग्याचं नाव धवल. सांगलीच्या कुठल्याशा खासगी कॉम्प्युटर क्लासचा माणूस. मोटारसायकलवर आला होता आणि कवठे महांकाळ सोडल्यापासूनची सगळी धूळ टायवर घेऊन आला होता. लालासाहेबांच्या सोप्यात, भरल्या माणसांत, त्यानं कडेला भोकं पाडलेल्या कागदाची लांबलचक घडी उलगडली.

"सरकारी विद्यापीठाचा कॉम्प्युटरवरून शिकायचा कोर्स सांगलीच्या केंद्रात चालतो ना, त्याचे हे विद्यार्थी. नाव, गाव, फोन, मार्क, कोण किती वेळ मशीनपुढं बसलं, सगळं आहे. विद्यापीठानंच दिलंय आम्हाला. सहकार्य म्हणून. पुढचा क्लास आमच्याकडं लावला तर सवलत देतोय."

"देताना त्यास्नी इचारलं व्हतं का?" शेजारी बसलेल्या आप्पासोंनी विचारलं.

"त्यांना कशाला विचारायचं? माहिती विद्यापीठाची आहे."

आप्पासोंना हे पटल्यासारखं वाटलं. टाय लावलेला माणूस बोलला की त्यांना पटायचंच.

एका नंबरवर सोळा जण, यात गावाला नवल नव्हतं. गावात फोन दोन. एक पंचायतीचा, तो बसवल्यापासून मुका. दुसरा लालासाहेबांचा. कुठल्याही फॉर्मवर फोनचा रकाना आला की सगळं गाव डोळे झाकून लालासाहेबांचा नंबर टाकी. लालासाहेबांनीही आपल्या फॉर्मवर तोच टाकला होता. दुसऱ्या कुणाचा टाकणार?

तिथंच घोटाळा होता. लालासाहेब हायस्कूलच्या संस्थेचे अध्यक्ष. शाळेच्या फलकावर त्यांच्या नावापुढं पेंटरनं आपल्या मनानं 'बी. ए.' लिहिलं होतं आणि लालासाहेबांनी ते पुसायला सांगितलं नव्हतं. खरी मजल नववीपर्यंतची. फलक खोटा ठरण्यापेक्षा आपणच खरं व्हावं, म्हणून ते दर रविवारी सांगलीला जाऊन मशीनपुढं बसत होते. आधी पूर्वतयारीची परीक्षा, मग बी. ए. पूर्वतयारीतच इंग्रजी राहिलं होतं. घरी सांगत, बँकेची मीटिंग आहे. रविवारी बँक बंद असते, हे घरात आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"वाच की गड्या नावं," गुंडा पुढं सरकून म्हणाला. दुसऱ्याचं नापास होणं गुंडाला स्वतःच्या पास होण्याइतकं गोड लागायचं.

धवल वाचू लागला. पहिल्या दमात आप्पासोंची सून निघाली. फर्स्ट क्लास.

"आमची?" आप्पासो उठून उभेच राहिले. "आन् आमाला म्हणती, दाताच्या डाक्टरकडं जाते! सा म्हैनं दात दुखतुया तिचा!"

"आता दुखायचा न्हाई," गुंडा म्हणाला. "पुढं वाच रं."

पुढं गुंडाच होता. "गणित, अकरा."

"किती पैकी?" मागं बसलेल्या अर्जुनानं विचारलं.

"शंभर."

"आरं, आमी पेढं खाल्लं की तुज्या पास झाल्याचं!"

सोपा हसून हसून आडवा झाला. लालासाहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी आपल्या सुनेला, मंगलला, हाक मारून पाणी मागवलं. ती तांब्या ठेवून गेली. कागदाची घडी एकेक करून उलगडत होती, आणि दर घडीला लालासाहेबांना शाळेच्या फलकावरचा रंग पोपडे धरून गळताना दिसत होता. अखेर कागद संपला.

"पंधराच झाली," गुंडा म्हणाला. आता तो एकटा बुडायला तयार नव्हता. "सोळा म्हणालास न्हवं? सोळावं कोण?"

"ते सोडा. चुकीची नोंद होती. वय एकोणसाठ लागलं होतं. आमचे सर म्हणाले, या वयात कोण परीक्षेला बसतंय, टायपिंगची चूक असणार. नाव उडवलं, आकडा तेवढा बदलायचा राहिला."

लालासाहेबांनी कप तोंडाला लावला. चहा पार गार झाला होता. असा फक्कड चहा त्यांनी कित्येक महिन्यांत प्यायला नव्हता.

"बराबर केलं तुमच्या सायबांनी," ते अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले. "चूक ही काढूनच टाकावी." आत कुठंतरी बारीकसं बोचलं, पण ते नंतर निवांत बघता आलं असतं. "आन् पोरा, त्यो कागद हितं दे. पुन्यांदा कुनाचं मार्क असं चारचौघांत वाचायचं न्हाईत."

"घ्या की," धवल म्हणाला. "ऑफिसात मशीनमध्ये असतंयच."

लालासाहेबांनी कागद मंगलकडं दिला आणि चुलीत घालायला सांगितलं. गुंडानं त्यांच्याकडं असं पाहिलं, की पुढच्या निवडणुकीचं एक मत तिथंच पक्कं झालं.

माणसं पांगली. मंगल कपबश्या गोळा करायला आली.

"मामंजी, सकाळी बँकेचा फोन आला हुता."

लालासाहेबांनी वर पाहिलं नाही. "काय म्हनत हुती बँक?"

"ह्या रविवारची मीटिंग इंग्रजीची हाय म्हनं. हॉलतिकीट इसरू नका," मंगल म्हणाली. "आन् पेनं दोन घिऊन यायला सांगितल्यात."

आणि कपबश्या घेऊन ती आत गेली.