पहिला टेक

“साहेब, आजच्या सीनमध्ये माझ्या रंजिताचं नाव घ्याल का?”

मालिकेत नऊ वर्षं मी सरकारी वकील आहे. एकही खटला हरलेलो नाही. इंदूताई त्या कोर्टात मागच्या बाकावर गर्दीतली बाई म्हणून बसतात. परवा त्या खऱ्या कोर्टात बसल्या होत्या. लेकीला जाळणारा जावई पुराव्याअभावी सुटला.

“तिथल्या वकिलांनी तिचं नाव एकदाही घेतलं नाही हो. नुसतं मयत, मयत. इथलं सगळं खोटं, मला काय ठाऊक नाही? पण तेवढं नाव तरी कानावर पडेल.”

आजच्या सीनमधली सूनही जळूनच मेली होती. तिचं नाव मयूरी. कॅमेरा सुरू झाला आणि मी रंजिता म्हणालो. एकदा नव्हे, चार वेळा. “रंजिताला कोंडून जाळलं, माय लॉर्ड!” असा ओरडलो की घसा सोलवटला. न्यायाधीश झालेल्या नटाने जन्मठेप सुनावली, हातोडा आपटला. मागच्या बाकावरून हुंदका आला.

“कट! सर, आवेश झकास, पण मुलीचं नाव चुकलं,” दिग्दर्शक म्हणाला. “आणि मागे त्या बाई कशाला रडतायत? त्यांना बाहेर बसवा. रिटेक!”

इंदूताई उठल्या. दारातून वळून त्यांनी मला हात जोडले.

दुसऱ्या टेकला मी बरोबर नाव घेतलं. बाक रिकामा दिसू नये म्हणून तिथे दुसरीच बाई आणून बसवली होती.

ती मुळीच रडली नाही.