भूकमुक्त प्रभाग

‘या प्रभागात आता कुणालाही भूक लागत नाही,’ असे सामुदायिक परसबागेच्या फलकावर नगरपालिकेने लिहिले होते. विधान अक्षरशः खरे होते. लबाडी नेमकी तिथेच होती. पालिकेने प्रयोगशाळेत घडवून वाटलेला लाल माठ शेवंताने याच बागेत स्वतः लावला, खुडला आणि महिनाभर लेकीला खाऊ घातला. लेक जेवण मागेनाशी झाली, तिच्या बरगड्या दिसू लागल्या. शेवंताने तिला उचलून उद्यान अधिकारी निरगुडकरांच्या टेबलावरच बसवले.

“साहेब, भूक भागली की पोर अंग धरते. हिची तर कातडी हाडाला चिकटलीय!”

“पण ती तक्रार करते का?”

“तक्रार करायलाही जीव लागतो, साहेब.”

व्याकरणाची चूक दुरुस्त करावी, तसे निरगुडकर शांतपणे म्हणाले, “बाई, भूक भागवण्याएवढं अन्न शहरात नव्हतंच, म्हणून आम्ही भूक मारणारा माठ तयार केला.”