कोपऱ्यातलं बाक

"तिथे कोण बसलंय?" प्रायोजक बाईंनी विचारलं.

कोणीच बसलेलं नव्हतं. अंधाऱ्या खोलीच्या टोकाला एक लाकडी बाक होतं आणि काजवे त्यावर जमले होते. काजवे म्हणजे छतातल्या यंत्रांनी पाडलेले उजेडाचे ठिपके. माणूस जिथे जाईल तिथे त्यांनी त्याच्याभोवती गोळा व्हायचं, हीच त्या प्रदर्शनाची गंमत. आत्ता मात्र थोडे काजवे बाईंच्या खांद्यावर होते आणि बाकीचे रिकाम्या बाकावर, मांडी घालून बसलेल्या माणसाचा आकार धरून.

"अजून चाचण्या चालल्यात," निर्माती हसून म्हणाली.

बाईही हसल्या. पण जाताना सांगून गेल्या, की आठवड्याभरात खोली शहाण्यासारखी वागली तर उद्घाटन करू, नाहीतर आमचं नाव भिंतीवरून पुसून टाका.

निर्माती तडक काचेपलीकडच्या यंत्रखोलीत गेली. तिचा दीर पडद्यासमोर बसला होता. गेल्या वर्षी तो दुसऱ्या संस्थेत कामाला होता, आणि त्याच वर्षी तिची आरशांची कल्पना त्या संस्थेने तिच्याआधी लोकांपुढे मांडली. ती त्यानेच फोडली असं कोणी म्हणालं नव्हतं. तीही म्हणाली नव्हती, मनात ठेवलं होतं. सासूबाईंनी शब्द टाकला म्हणून त्याला घेतलं खरं, पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

"वहिनी, कोपऱ्यातून काही हलवलंय का?" त्याने विचारलं.

हे त्याने पूर्वीही समजावलं होतं. खोलीला आधी रिकामी खोली कशी असते ते शिकवावं लागतं. मग त्याहून वेगळं जे काही दिसेल, त्याला ती माणूस समजते. मागे एकदा सुताराने आपलं स्टूल उचलून नेलं, तर काजवे स्टुलाच्या मोकळ्या जागेवर घोंगावत बसले. स्टुलाचं भूत म्हणून सगळे दोन दिवस हसत होते.

"एक खिळासुद्धा हललेला नाही," ती म्हणाली. आणि ते खरं होतं, तिने स्वतः पाहिलं होतं.

"मग परत शिकवू. अर्धा तास आत कोणी नको."

सगळ्यांना बाहेर काढायचं काम पहिल्यासारखंच तिने आपल्याकडे घेतलं. सुतार, वायरमन, झाडणाऱ्या मावशी, सगळ्यांना चहाला पिटाळलं. अर्धा तास तिने दिरावरची नजर काढली नाही. त्याने जांभया दिल्या, कळा दाबल्या, मान खाजवली. संशय घ्यावा असं काही केलं नाही. नेमका याचाच तिला संशय आला.

दुसऱ्या दिवशी काजवे पुन्हा बाकावर.

मग ती पहाऱ्याला बसू लागली. पहाटे तासभर ध्यानाला बसायचा तिचा जुना नेम होता; मुंगी चावली तरी ती हलत नसे. खोलीत शिरली की काजवे गुमान तिच्या मागे येत, आणि ती बाकावर मांडी घालून बसली की विझून जात. ती बसलेली असेपर्यंत एक ठिपका उमटत नसे. उठून बाहेर जायचा अवकाश, की झाडणाऱ्या मावशी ओरडत, "आलं बाई परत!"

तिला उलगडा झाला. पडद्यावर आपल्याला येताना बघून दीर यंत्र बंद करतो, आणि पाठ वळली की सुरू.

रात्री जेवताना तिने विषय काढला. आवाज चढवला नाही, तिचा स्वभावच नव्हता तो.

"यंत्र माणसाचं ऐकतं, भावोजी. आणि यंत्रापाशी तुम्हीच असता."

त्याने हातातला घास ताटात ठेवला. "खोली खोटं बोलत नाही, वहिनी. तिला जे दाखवलं तेच ती शिकली. काय दाखवलं गेलं ते मला सापडत नाहीये."

"सापडत नाहीये, की सापडू द्यायचं नाहीये?"

नवऱ्याने पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला. दिराने यंत्रखोलीच्या किल्ल्या ताटाशेजारी ठेवल्या आणि हात धुऊन उठला. सकाळी तो घर सोडून निघाला तेव्हा सासूबाईही पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. "आज त्याची झडती झाली," त्या म्हणाल्या, "उद्या माझीही घेशील बाई."

नवरा दोनदा म्हणाला, आईला तरी घेऊन येऊ. ती म्हणाली, आधी खोली नीट होऊ दे, मग खरं कोण ते आपोआप दिसेल. सगळ्यांना बोलावू, त्यांनाही.

नवी तंत्रज्ञ मुलगी चुणचुणीत होती. तिने दुपारभर तपासून सांगितलं, "मॅडम, आधीच्यांचं काम चोख आहे. मला तरी चूक दिसत नाही. एकदा परत रिकामी खोली शिकवून बघू. सगळ्यांना बाहेर काढाल?"

आल्या आल्या त्याची तरफदारी. निर्मातीच्या मनात पाल चुकचुकली. ओळखीतली तर नसेल?

"काढते," ती म्हणाली.

सुतार, वायरमन, मावशी, सगळे बाहेर गेले. तिने दार आतून अलगद ओढून घेतलं, अंधारात चाचपत कोपऱ्यापर्यंत गेली आणि मागच्या दोन्ही वेळांसारखीच, काचेपलीकडच्या उजेडातली मुलगी नीट दिसेल अशी, बाकावर मांडी घालून न हलता बसली.