श्रावणचं पोट

"आज पण?" धनश्रीने ऑफिसातून फोनवर विचारलं.

"हो ना बाई. सकाळपासून लंगोटच धुऊन राहिली," जनाबाई म्हणाली.

"ताप आहे का?"

"ताप नाही. पाणी पाजून राहिली मी, तू घाबरू नको."

तिने फोन ठेवला आणि उरलेले दोन लंगोट पिळून बाल्कनीतल्या दोरीवर टाकले. दोरी भरून गेली होती. दीड वर्षाचा श्रावण फरशीवर बसून वाटीवर चमचा बडवत होता.

धनश्रीची रजा संपली तेव्हा संजीवने आईला उमरेडच्या तिच्या हातमागावरून उठवून इथे, हिंगणा रोडवरच्या फ्लॅटमध्ये, सहाव्या मजल्यावर आणलं होतं. तो एमआयडीसीतल्या कंपनीत, बायको ऑफिसात, दिवसभर घरात आजी आणि नातू. महिनाभरातच पोटाची भानगड सुरू झाली. दोन दिवस बरे जायचे आणि तिसऱ्या दिवशी जनाबाईचा फोन यायचा. रविवारी मात्र काही नाही.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या. सगळं साफ निघालं. वजनही घटलं नव्हतं.

"घरात कोण भरवतं याला?" त्यांनी विचारलं.

धनश्रीने सासूकडे पाहिलं. जनाबाई खाली पाहू लागली.

त्या दिवसापासून धनश्रीने घर डोक्यावर घेतलं. पाणी उकळायचं, वाट्या उकळायच्या. ऑफिसला निघताना ती सासूची नखं बघायची. मुगाचं पाणी आणि मऊ भात, बाकी सगळं बंद. औषधाची बाटली रोज थोडी थोडी खाली जात होती. गुण म्हणून येत नव्हता.

"आमच्यापाशी असला का चांगला राहते," एकदा जेवताना संजीव म्हणाला. "काहून असं होते, माय?"

"मले काय माहीत गा," जनाबाई म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली.

तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाल्कनीत जायची, आत यायची, टीव्ही लावायची, बंद करायची. श्रावणला कडेवर घेऊन दारापर्यंत जायची आणि तिथूनच परतायची.

एका संध्याकाळी भांडी घासताना आतल्या खोलीतलं बोलणं तिच्या कानावर पडलं. तिने नळ बंद केला.

"खालच्या गल्लीत चांगलं पाळणाघर आहे," धनश्री म्हणत होती.

"माय घरात असताना पाळणाघर? अन् मग मायले काय सांगू?"

"तू आईचं मन सांभाळ. मी पोराचं पोट सांभाळते."

"धनू, ती उमरेडले एकटी राहीन का आता? मी तर दिवाळीनंतर ते घर भाड्यानं देणार होतो. तिले परत धाडलं तर लोक तोंडात शेण घालतीन माह्या. राहू दे तिले. होईन बरं पोट."

जनाबाई ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. मग पदराला हात पुसले आणि त्यांच्या दारात गेली.

"त्याले तर्री मी चाटवते," ती म्हणाली.

दोघंही गर्रकन वळले.

"काय?" धनश्री म्हणाली.

"खालच्या ठेल्यावरची, तिखटजाळ. तर्री-पोहे आणते मी माह्यासाठी. पोरगं तोंडाकडे पाहून राहते, मले राहवत नाही. बोट बुडवून देते."

"आई! एवढ्याशा लेकराला तर्री?" धनश्रीचा आवाज फाटला. "आणि डॉक्टर विचारत होते तेव्हा गप्प बसलात?"

"भेव वाटलं."

"माय, तुले समजत नाही का?" संजीव ओरडला.

"समजते गा. पण हात ऐकत नाही."

धनश्रीने डोळे पुसले, आवाज खाली आणला. "झालं ते झालं. आता यापुढे देणार नाही ना? याच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

जनाबाईने श्रावणकडे पाहिलं. हात काही वर उचलला नाही.

"उद्याचं कसं सांगू वं," ती म्हणाली.

धनश्रीने श्रावणला उचलून आपल्याकडे घेतलं.

रविवारी संजीवने तिला उमरेडच्या एसटीत बसवलं. निघताना श्रावणने तिचा पदर मुठीत धरला होता. तिने त्याच्या पोटावर गाल टेकवला आणि बराच वेळ तशीच राहिली. मुठीतला पदर शेवटी धनश्रीने सोडवला. ती सासूच्या पाया पडली आणि श्रावणला घेऊन मागे सरली.

"राग नको धरू, माय," संजीव खिडकीखालून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "थोडा मोठा झाला का घेऊन जाईन तुले."

"घाई नको करू गा. पोराचं पाह्य आधी."

उमरेडला घराचं कुलूप गंजलं होतं. दगडाने ठोकून उघडावं लागलं. आत हातमागावर करवती काठाची साडी अर्धवट तशीच होती, वर धूळ साचलेली. जनाबाईने लुगड्याचा ओचा खोचला आणि फडकं घेतलं. धूळ झाडून होते न होते तोच शेजारची नीला दारात येऊन उभी राहिली.

"आली का वं सहाव्या मजल्यावरून? मले वाटलं, लिफ्टमध्येच अडकली."

"आली."

"पाहुणी म्हणून आली, का राहायले?"

"राहायले."

नीला उंबऱ्यावर टेकली. तिने आवाज बारीक केला. "संजीवचा फोन आला होता, मायकडे लक्ष ठेव म्हणून. लय रडला. तू म्हणे लेकराले तर्री चाटवत होती. पोट बिघडवून टाकलं म्हणे त्याचं."

जनाबाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. तुटलेला एक धागा शोधून तिने गाठ मारली, धोटा हातात घेतला.

"मी? माह्या नातवाले तर्री?" ती म्हणाली. "कोरडेच लंगोट धुऊन राहिली होती मी. लोखंडाचं पोट आहे वं पोराचं. एक दिवस बिघडलं नाही."