बोटभर भंडारा

साधनानं गाडीच्या उघड्या दारावर बोटांची पेरं आपटली. ठण्ण! रिकाम्या पिंपासारखा पत्रा वाजला.

“ऐकलंत का भाऊ? ह्या गोंगाटात तुमच्या नानांचा आवाज कुठं टिकायचा?”

सुदर्शननं मान खाली घातली. त्यासाठीच तर तो सकाळी पिंपरी पेंढारहून नारायणगावला, तिच्या गॅरेजात आला होता. सोबत वडीलही होते. कुशाबा नाना म्हणजे बैलगाडा शर्यतीतले पुकारणारे. माईक बंद पडला तरी शर्यतीच्या साऱ्या घाटाला ऐकू जावं असा त्यांचा गळा. घशाचं ऑपरेशन झालं आणि त्या गळ्यात नुसती फुसफुस उरली. घरात जवळ बसलं तर समजायची, गाडीत मात्र काही केल्या नाही.

मागच्या खेपेला पुण्याहून तपासणी करून येताना नाना काहीतरी म्हणाले. सुदर्शन “हं, हं” करत राहिला आणि गाडी दामटत राहिला. घरी आल्यावर नानांनी सुनेला जवळ बोलावून सांगितलं, “दोनदा म्हनलं, च्या घेऊ. निस्ता हं हं करतो.” तेव्हापासून म्हातारा गाडीत बसला की तोंड उघडत नव्हता. आपल्या ‘हं हं’नं बाप मुका झाला, हे सुदर्शनला आतून खात होतं.

म्हणून दारांच्या पत्र्याला आतून आवाज दाबणारी जाड, चिकट शीट लावायची होती. आता शीट काय, कुणीही चिकटवील. खरी कसोटी त्याच्या आधीची. साधनानं दारांची आतली झाकणं उतरवली. कंपनीचा काळा डिंक गरम हवेनं मऊ करून खरवडला. तळाशी पाणी जायची भोकं असतात, त्यांत कडब्याचा भुसा गच्च बसला होता. तो तारेनं उकरून काढला. गंजाला पॉलिश पेपर मारला.

सुदर्शनला राहवेना. “रॉकेलनं पुसू का? लवकर उरकंल.”

“नगा राव. रॉकेल तेलकट. आज चिकटंल, वैशाखात सोलून खाली पडंल.”

मग स्पिरिट. पांढरं फडकं फिरवायचं, उलटून बघायचं, पुन्हा फिरवायचं. फडकं पांढरं ते पांढरं परत येईपर्यंत बाईनं हात थांबवला नाही. खरं सांगायचं तर बघत राहावं असं काम! पत्र्याचा कानाकोपरा असा निघाला की डोळ्यांना थंडावा वाटावा.

टायरवर बसलेल्या नानांचे ओठ हलले. साधनानं लगेच कॉम्प्रेसर बंद केला आणि त्यांच्यापाशी जाऊन वाकली. “काय म्हनता नाना?”

“शर्यतीला जायच्या आदी आमी बैल असंच धुवायचो,” नाना कुजबुजले. “खुराच्या बेचक्यापत्तुर.”

“ठावं हाय की! मी निरगुडसरची. बापाच्या खांद्यावर बसून तुमचा पुकारा ऐकलाय लहानपणी.”

म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की बास.

साधना भाकरी खायला आत गेली. सुदर्शन पाण्याची बाटली आणायला रस्त्यापलीकडं गेला. दोघं परतले तर चारही दारं पिवळीधम्मक! नानांनी कमरेची पिशवी सोडून खंडोबाचा भंडारा मूठ मूठ चोळला होता. बैल असा धुऊन लख्ख झाला, की भंडारा लावल्याबिगर त्याला घाटात कोण सोडतं?

“नाना! काय करून ठेवलं हे?” सुदर्शन ओरडलाच. “सकाळपास्नंची मेहनत मातीत घातली त्यांची! ह्याच्यावर शीट चिकटंल का आता?”

नानांनी हात मागं घेतला. कानकोंडं होऊन ते पिवळ्या तळव्याकडं बघत राहिले.

साधना दारांकडं बघत उभी राहिली. तिचाही जीव क्षणभर हळहळला, कुणाचाही हळहळेल. मग तिला हसू आलं.

“भाऊ, त्यांना बोलू नगा. सजवून सोडल्याबिगर त्यांची बैलजोडी आजवर पळाली न्हाई.” तिनं नवं फडकं घेतलं. “पन नाना, पुसावा लागंल बरं का. तुमच्या बाजूच्या दाराला बोटभर ठिवते. कुठं ठिऊ, तुमीच दावा.”

नानांनी बिचकत बिचकत बोट ठेवलं. साधनानं चारही दारं पहिल्यापासून पुसली. नाण्याएवढा तो बोटभर भंडारा तेवढा टाळून. शीट कापताना तिथं खिडकी ठेवली आणि रोलर दाबून दाबून फिरवला.

“एवढी जागा उघडी ऱ्हायली तर चालंल?” सुदर्शननं विचारलं.

“तेवढ्यानं काय व्हतंय? द्येव काय खडखड करनार हाय व्हय?”

झाकणं बसवून तिनं पेरं आपटली. ठप्प. भरलेल्या पोत्यावर थाप मारावी तसं.

निघताना नाना तिला म्हणाले, “पोरी, तुजा हात लई सच्चा.” तिनं वाकून नमस्कार केला.

आळेफाटा मागं पडला. रस्ता तोच आणि गाडीही तीच, पण दारं गप्प होती. सुदर्शन कान टवकारून बसला होता. नाना काचेबाहेर बघत होते. मघाशी आपण ओरडायला नको होतं, हे सुदर्शनच्या मनात घोळत होतं. आता नाना गाडीत कधीच बोलायचे नाहीत, असं त्याला वाटायला लागलं.

“च्या घेऊ.”

सुदर्शननं ब्रेक दाबला. गाडी उसाच्या कडेला जाऊन थांबली. त्याचे डोळे भरून आले, काही दिसेना.

नानांनी इकडंतिकडं बघितलं. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला ऊस.

“आरं येड्या, हितं कुठं?” ते म्हणाले. “टपरी फुडं हाय.”